वैनगंगेपलीकडचा रोगी



ज्युबिलीचें वर्ष हें आनंदाचें वर्ष. देवळाला रंग द्यावा, घंटा वाजवावी, पूर्वींच्या धर्मगुरूंचें व धर्मभगिनींचें कृतज्ञतेनें स्मरण करावें, हें सर्व योग्यच आहे. परंतु ज्या पवित्र ग्रंथांतून ज्युबिलीची कल्पना आमच्याकडे आली, त्यांत या वर्षाचा अर्थ याहून कडक आहे. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत पन्नासाव्या वर्षीं रणशिंग फुंकण्याची आज्ञा आहे. तें रणशिंग वाजलें म्हणजे ज्याची जमीन गेली असेल त्याची त्याला परत मिळावी, आणि जो दारिद्र्यापायीं दुसऱ्याच्या घरीं राबत असेल तो मोकळा व्हावा, असा तेथें नियम आहे. ज्युबिली हा हिशेब तपासण्याचा काळ होय. कोणाचें काय गेलें, केव्हां गेलें आणि कोणाच्या हातीं गेलें, हें विचारल्यावांचून ती पुरी साजरी होत नाहीं.

या स्मरणिकेंत धर्मग्रामाचा वृत्तांत इतर लेखक देतीलच. आम्हीं मात्र एक निराळा हिशेब मांडावयाचें योजिलें आहे. आमचा वडसा गांव, ज्यास सरकारी दप्तरांत देसाईगंज म्हणतात, वैनगंगेच्या कांठीं वसला आहे. गडचिरोली जिल्ह्याचें रेल्वेस्थानक म्हणून तो सर्वांच्या परिचयाचा आहे. येथील मनुष्य आजारी पडला तर निदान त्याच दिवशीं तो ब्रह्मपुरी, गडचिरोली किंवा नागपूर गांठूं शकतो. याच जिल्ह्यांत भामरागडकडे पर्लकोटा व पामुलगौतम या नद्या इंद्रावतीस मिळतात, आणि पावसाळ्यांत त्यांना पूर आला कीं गांवेंच्या गांवें जगापासून तुटतात. तेथील अडलेल्या बाईला खाटेवर घालून नाल्यानाल्यांतून न्यावें लागतें. जिल्हा एक, सरकार एक, मनुष्यदेह एक. मग औषध एकाला जवळ आणि दुसऱ्याला दूर कां?

या प्रश्नाचें ठराविक उत्तर सर्वांस पाठ आहे: जंगल दाट, नद्या मोठ्या आणि लोक अडाणी. हें उत्तर सोयीचें आहे, कारण त्यांत कोणाकडेच दोष येत नाहीं. परंतु इतिहास चाळून पाहतां आम्हांस असें दिसतें कीं, हें अंतर एकट्या निसर्गानें घातलेलें नाहीं. जमीन कोणाची, रस्ता कोणासाठीं, स्पर्श कोणाचा चालतो आणि स्त्रीची नाडी कोणीं पहावी, या चार गोष्टींचा निर्णय ज्यांनीं वेळोवेळीं केला, त्यांनींच रोगी व वैद्य यांमधील अंतरही ठरविलें. तो इतिहास आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

प्रथम दोन कथा. चांदा नगराच्या स्थापनेची दंतकथा वाचकांनीं ऐकिली असेल. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याच्या अंगावर फोड आले होते. शिकारीस गेला असतां झरपट नदीच्या पात्रांतील एका लहानशा डबक्याचें पाणी तो प्याला, व त्या रात्रीं त्याला शांत झोंप लागली. राणीनें हें ओळखून ती जागा शोधविली, आणि त्या पाण्यानें राजा बरा झाला. तेथेंच पुढें अचलेश्वराचें देऊळ व चांद्याचें नगर उभें राहिलें असें म्हणतात. दुसरी कथा योहानाच्या शुभवर्तमानांतली. यरुशलेमेंत एक तळें होतें. त्याचें पाणी हललें कीं जो पहिला उतरेल तो बरा होई, अशी लोकांची श्रद्धा होती. तळ्याच्या कांठीं एक मनुष्य अडतीस वर्षें आजारी पडून होता. प्रभूनें त्यास विचारलें तेव्हां त्यानें आपल्या रोगाचें वर्णन केलें नाहीं. आपणास पाण्यांत उतरविणारा कोणी नाहीं, व आपण जाईपर्यंत दुसराच पुढें उतरतो, एवढेंच त्यानें सांगितलें.

राजाला पाणी सांपडलें, कारण त्याच्यासाठीं शोध घेणारी माणसें होतीं. तळ्यावरच्या मनुष्यापुढें पाणी होतें, पण माणूस नव्हता. आमच्या प्रदेशाच्या आरोग्याचा सारा इतिहास या दोन रोग्यांमधला आहे.

जुन्या काळीं रोगापुढें राव व रंक बरेचसे सारखे होते. गांवांत जडीबुटी जाणणारा वैदू असे, गोंड-माडियांच्या पाड्यांत देवाला कौल लावणारा पुजारी असे, बाळंतपणाला सुईण असे. देवीचा रोग किंवा पटकी आली म्हणजे राजवाड्यांतील हकीमही पाड्यावरच्या पुजाऱ्याइतकाच हतबल होई. श्रीमंताला चांगलें अन्न व चांगलें घर मिळे, हा भेद तेव्हांही होता. पण ज्याला खरा उपाय म्हणावें तो कोणाच्याच हातीं नव्हता. विषमता खरी वाढली ती उपाय सांपडल्यानंतर. १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोंचली गेली. हिंदुस्थानांतील ती पहिली यशस्वी लस. त्या दिवसापासून देवीनें मरणें हें केवळ दैवाचें राहिलें नाहीं. लस कोणापर्यंत पोंचते यावर तें अवलंबून राहिलें. पुढील प्रत्येक शोधाबरोबर, क्विनीन असो, शस्त्रक्रिया असो वा क्षयाचें औषध असो, हीच गोष्ट पुन्हां घडली. जेथें उपाय पोंचला तेथें मनुष्य वांचूं लागला, आणि जेथें पोंचला नाहीं तेथें तो पूर्वींसारखाच मरत राहिला.

आतां अंतराचें पहिलें मूळ पाहूं. तें जमिनींत आहे. चांद्याचें गोंड राज्य १७५१ सालीं नागपूरकर भोसल्यांकडे गेलें. १८५३ सालीं तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, व १८५४ सालीं तें राज्य इंग्रजांनीं खालसा केलें. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला. वसुलीची सोय व्हावी म्हणून नव्या सरकारनें मैदानी गांवांत मालगुजारांस मालकी हक्क दिले, व पूर्वीं कसणारे होते ते त्यांचीं कुळें बनले. वैनगंगेच्या पूर्वेकडील डोंगराळ मुलूख जुन्या जमीनदाऱ्यांत विभागलेला होता. पुढें १८७८ व १९२७ चे जंगल कायदे झाले. ज्या रानांतून लोक मोह, कंदमुळें, मध व शिकार आणीत, जेथें ते फिरती शेती करीत, तें रान आतां सरकारचें किंवा जमीनदाराचें ठरलें. आपल्याच रानांत शिरावयास परवानगी लागूं लागली. शिवाय वेठबेगार होतीच.

याचा आरोग्याशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध सरळ आहे. ज्याच्या ताटांतून रानचें अन्न गेलें त्याच्या अंगांतील रोगाशीं झुंजण्याचें बळ गेलें. ज्याची जमीन सावकाराकडे गेली त्याच्यापाशीं आजाराच्या दिवशीं विकावयास कांहीं उरलें नाहीं. १९१८ च्या इन्फ्लुएंझानें हें ढळढळीत दाखविलें. त्या सालीं पाऊसही फसला होता. हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें त्या सांथींत दगावलीं, व मध्यप्रांत-वऱ्हाड हा अतिशय होरपळलेल्या प्रांतांपैकीं एक होता. मुंबई शहराच्या आरोग्यखात्यानें तेव्हां जातवार आंकडे ठेविले होते. हजारीं मृत्यूंचें प्रमाण युरोपियनांत सुमारें ८, पारशांत ९, इतर हिंदूंत १९, आणि ज्यांस तेव्हां 'खालच्या जातीचे' म्हणत त्या हिंदूंत जवळजवळ ६२ होतें. लक्षांत ठेवावें कीं, या रोगावर तेव्हां कोणापाशींच औषध नव्हतें. तरी एकाच शहरांत, एकाच हवेंत, मृत्यूनें सातपटींहून अधिक भेद केला. तो भेद घराच्या खोलीनें, ताटांतील अन्नानें आणि उशाशीं बसावयास कोणाला सवड होती यानें केला. वैद्य येण्यापूर्वींच अर्धा न्याय झालेला असतो, तो असा.

दुसरें मूळ रस्त्यांत आहे. दवाखाने कोठें उघडले गेले? जेथें कचेरी, तुरुंग, खजिना व पोलीस होते तेथें. म्हणजे जिल्ह्याच्या व तहसिलीच्या ठिकाणीं. गडचिरोली ही तहसीलच मुळीं १९०५ सालीं झाली, आणि तिचा बहुतेक मुलूख जमीनदाऱ्यांचा होता. सरकारला जेथून वसूल थोडा मिळे, तेथें त्याचें औषधही थोडेंच जाई. क्विनीन टपालकचेऱ्यांतून स्वस्त पुड्यांनीं विकण्याची चांगली युक्ति सरकारनें काढली होती. पण हिवतापानें ग्रासलेल्या पाड्याजवळ टपालकचेरी होतीच कोठें? ज्या रानांत डांस अधिक, तेथेंच टपाल नव्हतें.

विसाव्या शतकाच्या आरंभीं बंगाल-नागपूर रेल्वेनें या भागांत अरुंद मार्ग टाकला. गोंदियाकडून येणारी ही गाडी वडशास थांबून वैनगंगा ओलांडते व ब्रह्मपुरी, नागभीडकडे निघून जाते. नकाशा पाहिला तर ती आमच्या आजच्या जिल्ह्याच्या एका कोंपऱ्यास स्पर्श करून बाहेर पडते असें दिसेल. पूर्वेच्या रानांतील लांकूड, बांबू व धान बाहेर जावें, एवढ्यापुरता तो स्पर्श पुरेसा होता. सिरोंचापर्यंत रूळ नेण्यांत कोणाचा लाभ नव्हता, म्हणून ते गेले नाहींत. जो रस्ता माल नेण्यासाठीं बांधला जातो तो माल संपतो तेथें संपतो, आणि वैद्य त्याच रस्त्यानें येत असल्यामुळें तोही तेथेंच थांबतो. वडसा व सिरोंचा यांमधील भेद हा असा पडला. रेल्वेच्या पोटीं आम्हां वडसेकरांस जें मिळालें तें आमच्या गुणांचें फळ नव्हे. गाडीला थांबावयास एक जागा हवी होती, ती आमची निघाली.

तिसरें मूळ स्पर्शांत आहे. लस टोंचण्याची जुनी रीत अशी होती कीं, एका मुलाच्या दंडावरील फोडांतील द्रव घेऊन तो दुसऱ्याच्या दंडांत भरावयाचा. तेव्हां उच्चवर्णीय आईबापांचा पहिला प्रश्न असे कीं, हा द्रव कोणाच्या मुलाचा? देवी निवारणाऱ्या लशीलाही जात चिकटली. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनीं आपल्या आठवणींच्या लेखनांत काठेवाडांतील एका अस्पृश्य शाळामास्तराची हकिकत दिली आहे. ती १९२९ सालीं गांधीजींच्या 'यंग इंडिया' पत्रांत आली होती. मास्तराची बाळंतीण पत्नी आजारी पडली. डॉक्टर वस्तींत येईना. गांवच्या प्रतिष्ठितांच्या मध्यस्थीनें व फी ठरवून तो आला, तेंही रोग्यास वस्तीबाहेर आणण्याच्या अटीवर. त्यानें थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हातीं दिला, त्यानें तो नवऱ्यास दिला, नवऱ्यानें पत्नीस लावला, व त्याच क्रमानें तो परत गेला. न्यूमोनियाची ती रोगी बाई वांचली नाहीं. येथें वैद्य पावलांच्या अंतरावर होता, औषध होतें, फीही दिली होती. तरी तळ्यांत उतरविणारा हात मिळाला नाहीं.

याच महाराष्ट्रांत याच्या उलट उदाहरणही आहे, आणि तें प्रत्येक घरीं सांगण्याजोगें आहे. १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाई फुले यांनीं आपले डॉक्टर पुत्र यशवंत यांच्यासह पुण्याबाहेर रोग्यांची शुश्रूषा केली. प्लेगनें आजारी पडलेल्या एका मुलास त्यांनीं स्वतः दवाखान्यांत वाहून नेलें, त्यांत त्यांना रोग जडला, व १० मार्च रोजीं त्या निवर्तल्या. ज्याला कोणी शिवत नसे त्याला त्यांनीं पाठीवर घेतलें.

आमच्या वनप्रदेशांत या स्पर्शाच्या भिंतीला भाषेचीही जोड मिळाली. डॉक्टर इंग्रजींत शिकलेला, मराठींत बोलणारा. रोगी गोंडी किंवा माडिया बोलणारा. दुखणें कोठें आहे हें सांगतां येत नाहीं, गोळी कशी घ्यावी हें कळत नाहीं, आणि मग 'हे लोक अंधश्रद्ध, दवाखान्यांत येतच नाहींत' असा शेरा कागदावर पडतो. जेथें आपलें बोलणें कोणाला समजत नाहीं व जेथें आपणास अरे-तुरे करून ओरडलें जातें, तेथें कोण सुखासुखीं जाईल? पुजारी निदान रोग्याच्या भाषेंत बोलतो व त्याच्या शेजारीं बसतो.

चौथें मूळ स्त्रीच्या देहाविषयींच्या संकोचांत आहे. परपुरुषानें बाईची नाडी पाहूं नये, या समजुतीनें असंख्य बायका बिनऔषधाच्या मेल्या. त्यावर उपाय म्हणून १८८५ सालीं स्त्रियांस स्त्री-डॉक्टर मिळावे यासाठीं डफरिन फंड स्थापन झाला. दुसऱ्याच वर्षीं आनंदीबाई जोशी अमेरिकेंत डॉक्टर झाल्या, पण १८८७ सालीं त्या क्षयानें वारल्या. नागपुरांत स्कॉटिश मिशननें १८९६ सालीं स्त्रियांसाठीं म्युर मेमोरियल इस्पितळ उघडलें.

येथें आपल्या ख्रिस्तसभेचाही हिशेब सरळपणें मांडणें आम्हांस उचित वाटतें. रोग्यांची सेवा हें आपलें जुनें व्रत. तथापि व्रतस्थ धर्मभगिनींनीं डॉक्टरीचा पूर्ण व्यवसाय करूं नये, विशेषतः प्रसूतीच्या कामांत पडूं नये, असा ख्रिस्तसभेचा निर्बंध दीर्घकाळ होता. हेतु व्रताच्या रक्षणाचा होता. परिणाम मात्र असा कीं, ज्या दारांतून पुरुष-डॉक्टर आंत जाऊं शकत नव्हता, त्याच दारांत धर्मभगिनीलाही थांबावें लागे. स्कॉटलंडच्या डॉक्टर ॲग्नेस मॅक्लॅरन यांनीं वृद्धापकाळीं हा प्रश्न हातीं घेतला. १९०९ सालीं त्यांच्या प्रयत्नानें रावळपिंडी येथें स्त्रियांसाठीं इस्पितळ निघालें, व निर्बंध उठावा म्हणून त्यांनीं रोमला वारंवार विनंति केली. १९१३ सालीं त्या वारल्या. त्यांचें कार्य ऑस्ट्रियाच्या डॉक्टर ॲना डेंगेल यांनीं उचललें, व १९२५ सालीं वैद्यकीय मिशनरी भगिनींचा संघ स्थापिला. दरम्यान ऑस्ट्रेलियाच्या डॉक्टर मेरी ग्लाउरी या धर्मभगिनी होऊन, पोप महाराजांच्या खास परवानगीनें, गुंटूर येथें वैद्यकी करूं लागल्या होत्या. १९४३ सालीं त्यांनींच कॅथलिक इस्पितळांची अखिल भारतीय संघटना उभारली. शेवटीं ११ फेब्रुवारी १९३६ रोजीं रोमनें निर्बंध उठविला. चांगल्या हेतूनें घातलेला नियमही कोणाच्या तरी दारांत आडवा पडूं शकतो, आणि तो पुरेशा चिकाटीनें मागितल्यास काढतांही येतो, असे दोन्ही धडे या प्रकरणांत आहेत.

स्वातंत्र्य मिळालें तेव्हां ही विषमता कोणाला ठाऊक नव्हती असें नाहीं. सर जोसेफ भोर यांच्या समितीनें १९४६ सालींच सांगितलें होतें कीं, पैसे नाहींत म्हणून कोणी औषधावांचून राहूं नये. १९५२ पासून देशांत प्राथमिक आरोग्यकेंद्रें उघडूं लागलीं. आमच्याकडे मालगुजारी व जमीनदारी १९५१ सालीं संपली. परंतु जुन्या रस्त्यांची सवय नव्या राज्यासही जडली. नागपूरचें वैद्यकीय महाविद्यालय १९४७ चें. तेथून सुमारें १५० किलोमीटरवरच्या चंद्रपुरास सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळावयास २०१५ साल उजाडलें, व गडचिरोलीस २०२४. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरापासून वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजीं. तोंवर भामरागडचा मनुष्य जिल्ह्याचें ठिकाण म्हणून चंद्रपुराकडेच पाहत होता.

नियम करणाऱ्यांची नजर कशी असते याचें एक उदाहरण देतों. मैदानांत तीस हजार वस्तीस एक प्राथमिक आरोग्यकेंद्र, व डोंगराळ आदिवासी भागांत वीस हजारांस एक, असा सरकारी दंडक आहे. कागदावर यांत वनवासियांस सवलतच दिसते. परंतु मैदानांतील तीस हजार माणसें कांहीं मोठ्या गांवांत सामावतात. रानांतील वीस हजार माणसें शेंकडों लहान पाड्यांत विखुरलेलीं असतात, व मध्यें नाले, घाट आणि रान असतें. माणसें मोजलीं, पावलें मोजलीं नाहींत. शिवाय गडचिरोलीची बदली ही शिक्षा आहे, अशी समजूत सरकारी नोकरांत अनेक वर्षें रूढ होती. ज्या गांवीं जाणें ही वैद्याला शिक्षा वाटते, त्या गांवच्या रोग्याला तो काय देणार?

तरी या अंधारांत दिवे लावणारे निघाले, आणि त्यांचें स्मरण ज्युबिलीच्या वर्षीं अवश्य केलें पाहिजे. बाबा आमटे यांनीं वरोऱ्याजवळ आनंदवन उभारून महारोग्यांस माणसांत आणिलें. त्यांचे पुत्र डॉक्टर प्रकाश व स्नुषा डॉक्टर मंदाकिनी यांनीं १९७३ च्या डिसेंबरांत आरंभिलेल्या हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्पांत माडियांची सेवा केली. आरंभींचीं वर्षें वीज व रस्ता यांवांचून गेलीं. आपल्या ख्रिस्तसभेंत चांदा हें वेगळें सिरो-मलबार धर्मक्षेत्र १९६२ सालीं झालें, व १९७७ सालीं त्यास धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. नदीपलीकडे ब्रह्मपुरीचें ख्रिस्तानंद रुग्णालय आमच्या किती घरांच्या उपयोगीं पडलें, हें वाचकांस सांगावयास नकोच.

डॉक्टर अभय व डॉक्टर राणी बंग यांनीं गडचिरोलींत जें केलें त्यांतून आमच्या मूळ प्रश्नाचें उत्तर मिळतें, म्हणून तें जरा विस्तारानें सांगतों. राणीबाईंनीं दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली व तिचा निष्कर्ष १९८९ सालीं 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय पत्रांत आला. शंभरांपैकीं ९२ स्त्रियांस कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. पूर्वीं तपासणी झालेल्या अवघ्या ८. दुखणें होतें, सांगावयास जागा नव्हती. पुढें नवजात बाळांचे मृत्यु पाहून त्यांनीं ३९ खेड्यांत एक प्रयोग केला. बाळ इस्पितळांत येत नाहीं तर इस्पितळानें बाळाकडे जावें, असा तो साधा विचार. गांवांतीलच थोडें शिकलेल्या स्त्रियांस आरोग्यदूत नेमलें. बाळ ऊबेंत कसें ठेवावें, श्वास अडल्यास काय करावें, जंतुदोष कसा ओळखावा व औषध कसें द्यावें, हें त्यांना शिकविलें. हजार जन्मांमागें नवजात बाळांचे ६२ मृत्यु होत असत; तीन वर्षांत ते सुमारें २५ वर आले. १९९९ सालीं हाही वृत्तांत 'लॅन्सेट'नें छापिला, आणि पुढें घरोघरीं नवजात बाळाची काळजी घेण्याची ही रीत देशभरच्या आशा कार्यकर्त्यांस शिकविली गेली.

त्या तीन वर्षांत रान तितकेंच दाट होतें, नद्या तितक्याच मोठ्या होत्या, आणि बहुतेक माताही पूर्वींइतक्याच शिकलेल्या होत्या. बदलली फक्त एक गोष्ट: शिकलेला हात रोग्याच्या उंबऱ्याआंत आला, आणि तो त्याच गांवचा होता. जंगल, नदी व अडाणीपणा हें आमचें ठराविक उत्तर किती अपुरें होतें, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा? त्यांचें इस्पितळ बांधतांनाही आदिवासियांस विचारलें गेलें. मोठ्या इमारतीची व पांढऱ्या कपड्यांची आम्हांस भीति वाटते, आमच्या नातलगांना आमच्याजवळ राहूं द्या, असें त्यांनीं सांगितलें. म्हणून तें गोंड गांवासारखें झोंपड्याझोंपड्यांचें बांधलें, व त्यास दंतेश्वरी मातेचें नांव दिलें. त्याच रीतीनें जमिनीचा हिशेबही थोडा पुढें सरकला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) गांवास २००९ सालीं आपल्या रानावरचा सामूहिक हक्क मिळाला. लेवीय पुस्तकांतील रणशिंगाचा तो एक लहानसा प्रतिध्वनि होय.

काम संपलें मात्र नाहीं. महाराष्ट्रांत हिवतापाचा जोर आजही याच जिल्ह्यांत सर्वांत अधिक आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक रोग गोंड, माडिया, परधान व महार अशा अनेक समाजांत ठाण मांडून आहे. ज्यांचें दुखणें कित्येक पिढ्या 'कामचुकारपणा' म्हणून हिणविलें गेलें, त्यांपैकीं किती या रोगाचे बळी होते हें परमेश्वरच जाणे. खासगी दवाखान्याचें बिल भागविण्यासाठीं बैलजोडी विकणारें कुटुंब आपल्याही ओळखींत असेल.

मग आपण काय करावें? मोठें इस्पितळ बांधणें आपल्या आवांक्यांत नसेल. पण तळ्याच्या कांठीं उभें राहणारें माणूस होणें आपल्या आवांक्यांत आहे. रेल्वे व बाजारपेठ असल्यामुळें कुरखेडा-कोरचीकडील कित्येक रोगी वडशावरून पुढें जातात. त्यांच्यासाठीं चार गोष्टी आम्ही सुचवितों. एक: ज्यांना गोंडी येते अशा आपल्या धर्मग्रामांतील तरुणांनीं आळीपाळीनें अशा रोग्यांबरोबर दवाखान्यांत जावें, म्हणजे त्याचें दुखणें डॉक्टरपर्यंत पोंचेल. दुसरी: ज्यांच्यापाशीं गाडी आहे त्यांनीं अडलेल्या बाईसाठीं रात्रीं-अपरात्रीं ती देण्याचें ठरवावें व आपलें नांव देवळांत नोंदवावें. तिसरी: रक्तदान करावें, व लग्नापूर्वीं मुलामुलींची सिकलसेलची तपासणी संकोच न धरितां करून घ्यावी. चौथी: आपल्या आशाताईंस पाहुण्यासारखें वागवूं नये व मोलकरणीसारखें तर नाहींच नाहीं, त्यांच्या शब्दाला आपण मान दिला तर गांव देईल.

यांपैकीं कोणतीही गोष्ट मोठी नाहीं. परंतु आम्हीं वर जो इतिहास सांगितला, त्यांतील अंतरही कोणी एका दिवसांत निर्माण केलें नव्हतें. एक हक्क काढून घेतला, एक रस्ता मध्येंच थांबविला, एक थर्मामीटर दुरून दिला, एक दार बंद ठेविलें, अशा लहान लहान निर्णयांनीं तें वाढलें. तें तशाच लहान निर्णयांनीं तोडावें लागेल. ज्यानें अडतीस वर्षें वाट पाहणाऱ्यास प्रथम बोलतें केलें व मग उठविलें, त्या प्रभूनें या ज्युबिलीच्या वर्षीं आमच्या धर्मग्रामास तशी दृष्टि व तशी चिकाटी द्यावी, आणि वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील रोग्यांस आरोग्य द्यावें, हीच त्याच्या चरणीं आमची प्रार्थना.